न धावलेली रॅली-गाडी: एमजी मेट्रो ६आर४ चं प्रकरण

१९८५ साली बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज कारखान्यात ऑस्टिन रोव्हर कंपनीने एमजी मेट्रो ६आर४ या एकाच जातीच्या सुमारे दोनशे रॅली-गाड्या बांधल्या. एकेकीची किंमत ४०,००० पौंडांच्या आसपास होती. ज्या स्पर्धा-गटासाठी त्या बांधल्या तोच पुढच्या वर्षाअखेरीस बंद झाला. किंमत १६,००० पौंडांवर आली आणि तरीही गिऱ्हाईक शोधावं लागलं. आज यातली एखादी गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली असेल, तर तिच्यासाठी संग्राहक लाखाच्या कितीतरी वर पौंड मोजतात.

या तीन किमतींमधलं अंतर समजून घेण्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे. ऐंशीच्या दशकातल्या रॅली-गाड्यांवर माझा जीव आहे आणि त्यांतही ६आर४ वर जास्त. ती सगळ्यात वेगवान नव्हती. विजेतेपदांच्या यादीत तिचं नाव शोधावंच लागतं. तरीही जपलेली रॅली-गाडी म्हणजे नेमकं काय, हे या गाडीइतकं स्पष्ट दुसरी कुठलीच शिकवत नाही. तिच्या उत्तम अवस्थेचं श्रेय बहुतेक वेळा कुणाच्या काळजीला जात नाही. त्या काळात ती कुणाला नकोशी झाली होती, म्हणून ती टिकली. विकत घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवलं, तर तो चकाकीपेक्षा पुराव्याचे पैसे मोजेल.

दोनशे गाड्यांचा नियम

१९८२ पासून जागतिक रॅलीत ‘ग्रुप बी’ हा गट आला. त्याचा नियम साधा होता: बारा महिन्यांत दोनशे गाड्या बांधून दाखवा, मग त्या गाडीला स्पर्धेत प्रवेश. शिवाय अधिक ताकदीच्या वीस ‘इव्होल्यूशन’ गाड्या बांधायची मुभा. त्याआधी रॅलीत उतरायचं तर हजारोंनी विकल्या जाणाऱ्या गाडीतच फेरफार करावे लागत. दोनशे हा आकडा इतका लहान होता, की विक्रीच्या गाडीशी काहीही संबंध नसलेलं यंत्र बांधून त्यावर ओळखीचा चेहरा चढवणं शक्य झालं. पूजोची २०५ टी१६, लान्चियाची डेल्टा एस४, फोर्डची आरएस२०० या सगळ्या याच मोकळिकीतून आल्या.

ऑस्टिन रोव्हरला यात उतरायला सबळ कारण होतं. याच कंपनीच्या पूर्वजांच्या मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकली होती. १९८० च्या ऑक्टोबरात आलेली मेट्रो ही त्या मिनीची वारसदार म्हणूनच बाजारात उतरवली होती. सरकारच्या पैशावर तगलेल्या, संप आणि तोट्याने जेरीस आलेल्या उद्योगाला आपल्या छोट्या गाडीभोवती पुन्हा काही तेज हवं होतं. कंपनीच्या मोटरस्पोर्ट विभागाचे प्रमुख जॉन डेव्हनपोर्ट यांनी रचनेचं काम विल्यम्स ग्रां प्री इंजिनिअरिंगकडे दिलं. म्हणजे ज्या पॅट्रिक हेड यांनी फॉर्म्युला वनमध्ये विल्यम्सला जगज्जेतेपद मिळवून दिलं, त्यांच्याच हाती एका बाजारहाटाच्या गाडीचा सांगाडा आला.

त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मूळ मेट्रोत पुढे आडवं बसवलेलं चार सिलिंडरचं लहान इंजिन आणि पुढच्या चाकांना ओढ. नव्या गाडीत व्ही६ इंजिन मागच्या सीटच्या जागी गेलं आणि तेही उलटं बसवलं. इंजिनचं तोंड डिकीकडे, गिअरबॉक्स गाडीच्या मधोमध, तिथून पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलकडे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांकडे, जाणारे दोन वेगळे शाफ्ट. मागचं डिफरन्शिअल इंजिनच्या ऑईल संपच्या (तळाच्या तेलाच्या टाकीच्या) कुशीला चिकटवलेलं आणि एका चाकाकडे जाणारा ड्राइव्हशाफ्ट चक्क संपमधून आरपार नेलेला. जागा वाचवण्याची ही कारागिरी अजूनही गाडी लिफ्टवर चढवली की थक्क करते. चारही चाकांना कायम ओढ होती. सहा सिलिंडर, रॅली, चार चाकांची ओढ, म्हणून ६आर४.

बाहेरचं अंग बहुतांश फायबरचं. छत ॲल्युमिनियमचं. दरवाजे पत्र्याचे, पण त्यांच्यावर हवा आत घेणारे प्लास्टिकचे मोठे खोके चढवलेले, त्यामुळे मूळ दरवाजा दिसतच नाही. पुढे आणि मागे जे प्रचंड पंख आहेत त्यांनी गाडीचा चेहरा पार बदलला. मेट्रो ओळखू येते ती काचांच्या आकारावरून.

इंजिनचा निर्णय

या प्रकरणातला सगळ्यात धाडसी आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर निर्णय इंजिनचा होता.

त्या काळी स्पर्धेतली बहुतेक प्रत्येक गाडी टर्बोवर चालायची, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबायचा. डेल्टा एस४ ने तर १७५९ सीसीच्या इंजिनवर टर्बो आणि सुपरचार्जर (हेच काम इंजिनच्या फिरण्यावर करणारा पंप) दोन्ही चढवले होते. ऑस्टिन रोव्हरने ठरवलं की टर्बो नको. टर्बोवाल्या इंजिनला पेडल दाबल्यापासून ताकद यायला क्षणभर उशीर लागतो. बोनेटखाली उष्णता साठते, नळ्या आणि कूलर वाढतात. साध्या श्वासाच्या इंजिनात पेडल आणि चाक यांच्यात मध्यस्थ उरत नाही. कच्च्या, वळणदार, भिजलेल्या रस्त्यावर चालकाला हेच हवं असतं, हा त्यामागचा हिशेब. शिवाय दोनशेतल्या बहुसंख्य गाड्या हौशी क्लब-चालकांना विकायच्या होत्या आणि त्यांच्या गॅरेजात टर्बोचे लाड पुरवणारा मिस्त्री असेलच असं नव्हतं.

नियमाची बाजूही पाहावी लागते. टर्बो इंजिनची क्षमता मोजताना तिला १.४ ने गुणत. म्हणजे १७५९ सीसीची एस४ कागदावर २४६३ सीसीची ठरे आणि अडीच लिटरच्या आत राहून ८९० किलोच्या किमान वजनाच्या गटात बसे. ६आर४ चं इंजिन २९९१ सीसीचं. तिचं किमान वजन ९६० किलो. सत्तर किलोंचा हा दंड कंपनीने जाणूनबुजून पत्करला.

सुरुवातीला रोव्हरच्या व्ही८ मधले दोन सिलिंडर कापून बनवलेलं इंजिन वापरलं. ते फक्त चाचण्यांपुरतं होतं. खरं इंजिन डेव्हिड वूड यांनी नव्याने रचलं: ९० अंशांचं व्ही६, चोवीस व्हॉल्व्ह, चार कॅमशाफ्ट, नाव व्ही६४व्ही. कुठल्याही विक्रीच्या गाडीतून उचललेलं नाही, रॅलीसाठीच घडवलेलं. दोनशे ‘क्लबमन’ गाड्यांत, म्हणजे हौशी चालकांसाठीच्या गाड्यांत, ते सुमारे २५० अश्वशक्तीवर बांधलेलं होतं. वीस ‘इंटरनॅशनल’ गाड्यांत, म्हणजे वर सांगितलेल्या ‘इव्होल्यूशन’ गाड्यांत, तेच ४१० पर्यंत जाई.

सहा महिने

मेट्रो ६आर४ ला स्पर्धेची अधिकृत मान्यता १ नोव्हेंबर १९८५ ला मिळाली. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रिटनमधली आरएसी रॅली झाली. टोनी पाँडने तिसरा क्रमांक आणला. त्याच्या पुढे हेन्री टोइव्होनेन आणि मार्कू अलेन, दोघेही त्याच रॅलीत पहिल्यांदा उतरलेल्या डेल्टा एस४ मध्ये. टर्बोविना, अगदी नव्या गाडीने पहिल्याच जागतिक रॅलीत तिसरं येणं ही सुरुवात होती. पुढे चढण दिसत होती.

ती चढण आलीच नाही. १९८६ च्या हंगामात नव्या इंजिनाने दुखणी काढली आणि गाड्या रॅलीमागून रॅलीत बाहेर पडत राहिल्या. पण गाडीचं भवितव्य ठरलं ते दुसऱ्याच दोन ठिकाणी. मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत सिंत्राजवळ एक आरएस२०० प्रेक्षकांच्या गर्दीत शिरली आणि तिघे गेले. २ मे ला कॉर्सिकात टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्तो यांची एस४ रस्त्यावरून खाली गेली, पेटली आणि दोघेही दगावले. बरोबर वर्षभरापूर्वी, त्याच तारखेला आणि त्याच रॅलीत आत्तिलिओ बेत्तेगा गेला होता. मोटर-स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या एफआयएसए या संस्थेचे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांनी लगेचच जाहीर केलं की १९८७ पासून जागतिक रॅलीत ग्रुप बी नसेल.

१ नोव्हेंबर ते २ मे. मान्यतेपासून मृत्युदंडापर्यंत सहा महिने. त्यानंतरही वर्षअखेरपर्यंत गाडी धावली. सान रेमोत माल्कम विल्सन चौथा आला. फ्रान्समध्ये दिदिए ओरिओल याने हीच गाडी घेऊन १९८६ ची राष्ट्रीय रॅली स्पर्धा जिंकली. हा ओरिओल पुढे १९९४ साली जगज्जेता झाला. पण ऑस्टिन रोव्हरने हंगाम संपताच रॅलीतून अंग काढून घेतलं. पुढचा ‘ग्रुप ए’ हा गट वर्षाला पाच हजार गाड्या मागत होता. लाँगब्रिजकडे तशी चार चाकांच्या ओढीची विक्रीची गाडीच नव्हती.

इथे प्रकरणाचा आर्थिक गाभा आहे. सगळ्या दोनशे गाड्या पूर्ण किमतीला गेल्या असत्या तर ८० लाख पौंड आले असते. १६,००० प्रमाणे गेल्या असत्या तर ३२ लाख. प्रत्यक्ष विक्री या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी झाली आणि रचनेचा, चाचण्यांचा, स्पर्धेचा खर्च यात धरलेलाच नाही. त्यामुळे कंपनीने या गाड्यांकडे पुढे वारसा म्हणून पाहिलं नाही. अडकलेला माल म्हणून पाहिलं. १९८७ साली सुटे भाग आणि इंजिनं टॉम वॉकिनशॉ रेसिंगने उचलली.

त्या इंजिनाचं पुढे काय झालं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यावर दोन टर्बो चढले, क्षमता वाढून साडेतीन लिटर झाली आणि १९९२ साली तेच घराणं जॅग्वार एक्सजे२२० च्या पाठीत बसलं. ५४२ अश्वशक्ती. मूळ घोषणेतल्या व्ही१२ ऐवजी व्ही६ आलं म्हणून काही ग्राहक नाराज झाले, पण त्या व्ही६ ने ती गाडी त्या काळच्या जगातल्या सर्वांत वेगवान विक्रीच्या गाड्यांत नेऊन बसवली. ज्या इंजिनावर टर्बो नको असं ठरवून सुरुवात झाली, त्याचं नाव टर्बोमुळे झालं. इंजिनची मूळ रचना किती भक्कम होती, याचा याहून चांगला दाखला मला तरी माहीत नाही.

गाड्या कुठे गेल्या

ग्रुप बी च्या इतर गाड्यांपेक्षा ६आर४ इथे वेगळी पडते आणि संग्राहकाने हे नीट समजून घ्यायला हवं.

लान्चियाने डेल्टा एस४ च्या ज्या रस्त्यावरच्या गाड्या विकल्या, त्यांच्या आत अल्कान्तारा हे मखमलीसारखं महागडं कापड होतं. पूजोची रस्त्यावरची टी१६ देखील बऱ्यापैकी सजवलेली, करड्या रंगातली शहाणी गाडी होती. श्रीमंत माणसाने घ्यावी, रविवारी फिरवावी, गॅरेजात ठेवावी, अशी. त्यामुळे त्या बऱ्याच प्रमाणात टिकल्या. क्लबमन ६आर४ मध्ये असलं काही नव्हतं. आत उघडा पत्रा, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), पाठीमागे कानठळ्या बसवणारं इंजिन. रस्त्यावर नोंदणी होऊ शकत होती, पण ही गाडी घेऊन कुणी सासुरवाडीला गेलं नसतं. जो घेई, तो स्पर्धेसाठीच घेई.

आणि १६,००० पौंडांत चार चाकांच्या ओढीची, चोवीस व्हॉल्व्हच्या रेसिंग इंजिनाची गाडी मिळाल्यावर क्लब-चालकांनी तिला पिळून घेतलं. डोंगर-चढाईच्या शर्यती, आयर्लंडच्या अरुंद डांबरी रॅल्या, जंगलातल्या कच्च्या रॅल्या आणि सगळ्यात जास्त रॅलीक्रॉस, म्हणजे अर्ध्या कच्च्या, अर्ध्या डांबरी बंदिस्त ट्रॅकवरची शर्यत. युरोपीय रॅलीक्रॉसमध्ये ग्रुप बी गाड्यांना १९९२ अखेरपर्यंत वाव होता. त्या शेवटच्या वर्षी विल गोलॉप याने दोन टर्बो चढवलेल्या ६आर४ वर युरोपचं विजेतेपद मिळवलं. ती गाडी आणि लाँगब्रिजहून निघालेली गाडी यांच्यात नाव सोडून फारसं काही सारखं उरलं नव्हतं.

म्हणजे वापरलेली प्रत्येक गाडी बदलली. क्लबमनची इंटरनॅशनल केली गेली. फायबरचे तुकडे फुटले, बदलले. इंजिनं एकीतून दुसरीत गेली. ठोकलेल्या गाड्यांना नवे सांगाडे मिळाले आणि शिल्लक सांगाड्यांवर नव्या गाड्या उभ्या राहिल्या. यात फसवणूक होतीच असं नाही. स्पर्धेतली गाडी अशीच जगते.

मग न बदललेल्या गाड्या कुठून आल्या? काहींनी स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि स्पर्धेत उतरवायचं राहून गेलं. काहींनी गुंतवणूक म्हणून झाकून ठेवली, पण १९८९ च्या सुमाराला जुन्या गाड्यांचा बाजार फुगला आणि लगेच दोन-तीन वर्षांत कोसळला, तेव्हा ती विकणंही जमलं नाही. काही विक्रेत्याकडेच पडून राहिल्या. गाडी जपण्याचं व्रत घेतलेला माणूस यात क्वचित सापडतो. बहुतेक वेळा सापडते एखादी शेड, एखादी अडचण आणि विसर.

गाडी समोर उभी आहे

आता समजा, कारखान्यातून आली तशी, अगदी थोडे मैल झालेली क्लबमन विक्रीला आली आहे. आपल्याकडे जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘इंजिन उघडलंय का?’ इथेही तोच विचारायचा. फक्त आपल्याकडे उघडलेलं इंजिन म्हणजे कमी भाव, आणि इथे उत्तर इतकं सरळ नाही.

आधी ओळख. चासी नंबर कशावर ठोकला आहे, पाटी वेगळी बसवली आहे का, रिव्हेट मूळचे दिसतात का, भोवतालच्या वेल्डिंगची जात एकच आहे का. सांगाड्यांची अदलाबदल झालेल्या गाडीत एकाच नंबरवर दोन गाड्या दावा सांगतात आणि मग मामला कोर्टापर्यंत जातो. त्यामुळे पहिल्या विक्रीची पावती, नोंदणीचे जुने कागद, दर वर्षीच्या तपासणीची प्रमाणपत्रं आणि त्यावरचे मैलांचे आकडे, मालकांची साखळी, हे सगळं सलग जुळलं पाहिजे. स्पीडोमीटर बदलता येतो. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले पाच कागद जुळवून आणणं फार अवघड असतं. जुळणारे कागद असलेली जरा मळलेली गाडी मी कागद नसलेल्या आरशासारख्या गाडीपेक्षा नेहमी वरची मानेन.

मग अंग. फायबरचं अंग गंजत नाही, पण ताण आला की त्याच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. प्रदर्शनात ठेवलेल्या ६आर४ वर कुठून ढकलायचं याचे स्टिकर लावलेले असतात, कारण चुकीच्या जागी हात टेकला तरी पॅनेल दुखावतं. त्यामुळे चाळीस वर्षं शेडमध्ये असलेल्या गाडीवर चिरा कुठे आहेत यावरून तिला किती वेळा आणि कशी हलवली हे वाचता येतं. मागच्या पंखाच्या मुळाशी पाहा, दरवाजावरच्या खोक्यांच्या कडा पाहा. चिरा अजिबातच नसतील तर रंगाची जाडी मोजा, कारण बहुधा पुन्हा रंगकाम झालेलं असतं. पत्रा आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात, म्हणजे छताच्या कडेला, तिथे ओलाव्यात दोन धातूंची आपसात झीज होते. बाहेरून फक्त रंगाला फुगवटा दिसतो.

न वापरलेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज यांत्रिक बाजूला पूर्ण चुकीचा आहे. रबर वर्षं मोजतं, मैल मोजत नाही. या इंजिनचे कॅमशाफ्ट पट्ट्यावर चालतात. १९८५ चा पट्टा दिसायला ठणठणीत असेल, तरी त्यावर इंजिन सुरू करायचं नाही, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतील आणि तसे व्हॉल्व्ह बाजारात सहज मिळत नाहीत. चाळीस वर्षं एकाच जागी थांबलेल्या कॅमशाफ्टखाली काही व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा पूर्ण दाबलेल्या अवस्थेत अडकलेल्या असतात. सिलिंडरच्या भिंतींवर, जिथे रिंगा टेकलेल्या असतात, तिथे गंजाची रेघ उमटते. इंधनाच्या टाकीतल्या रबरी पिशवीची मुदत कधीच संपलेली असते. शॉक ॲबसॉर्बरची सीलं सुकतात, ब्रेकच्या तेलाने हवेतलं पाणी ओढून सिलिंडर आतून खाल्लेले असतात. चारही चाकांत ताकद वाटणाऱ्या व्हिस्कस कपलिंगमधलं सिलिकॉनही म्हातारं होतं. स्पर्धेच्या सीट-बेल्टांनाही मुदत असते.

इथे संग्राहकापुढे खरा पेच उभा राहतो. गाडी चालवायची तर हे सगळं बदलावं लागेल. बदललं तर तिचं अस्पर्शपण, ज्याचे जास्तीचे पैसे मोजले, तेच कमी होतं. काहीच बदललं नाही तर गाडी म्हणून तिचा उपयोग नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ६आर४ ऐकायची गाडी आहे. उभी ठेवून ती अर्धीही कळत नाही. इंजिन आधी हाताने, स्पार्क प्लग काढून, प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडून फिरवून पाहावं. आत छोटा कॅमेरा घालून भिंती पाहाव्यात. गंज खोल नसेल तर इंजिन पूर्ण उघडण्याची घाई करू नये. पट्टा, नळ्या, सीलं, टाकीची पिशवी आणि ब्रेकचं रबर नवं बसवावं. काढलेला प्रत्येक भाग तारखेची चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवावा आणि तो खोका गाडीसोबतच विकला जावा. जुना पट्टा कामाचा नसतो, पण तो १९८५ साली कुणी बनवला, त्यावर कोणता नंबर आहे, हे पुढच्या माणसाला कळायला हवं.

याच्या उलट, क्लबमनची इंटरनॅशनल करण्याचा मोह टाळावा. सगळ्यात जास्त नुकसान याच मोहाने केलं आहे. २५० चे ४१० करायचे तर कॅमशाफ्ट, हवेची वाट, इंजिनचं नियंत्रण बदलावं लागतं. ते जमतं आणि गाडी झकास पळते. पण ४१० अश्वशक्तीच्या ६आर४ आधीच आहेत, काही खऱ्या वीसांपैकी, काही मागाहून केलेल्या. लाँगब्रिजने हौशी चालकाच्या हाती नेमकं काय दिलं होतं, हे दाखवणारी न बदललेली क्लबमन दुर्मिळ आहे आणि एकदा बदलली की ती परत करता येत नाही. भाग परत बसवता येतील, पण ते कुणाच्याच हाताला न लागलेले भाग नसतील.

पुन्हा रंगकाम करण्याच्या मी विरोधात आहे. कारखान्याने घाईत दोनशे गाड्या पूर्ण केल्या. फायबरच्या जोडांमधली असमान फट, रंगातला थोडा खरखरीतपणा, आतल्या वायरिंगची गुंडाळणी, हे त्या घाईचे खरे पुरावे आहेत. त्या फटी सरळ केलेल्या, लांबी (पुट्टी) भरून घासलेल्या गाड्या लिलावात जास्त फोटोजेनिक दिसतात आणि त्यामुळेच चांगला तपासनीस त्यांच्याजवळ थांबून शंका घेतो.

बाजारभाव आणि आपल्याकडची वाट

किमतीबद्दल इतकंच सांगतो की या गाडीच्या भावाला एकच आकडा नाही. कंपनीच्या संघाने जागतिक रॅलीत चालवलेली इंटरनॅशनल, थोडे मैल झालेली क्लबमन आणि रॅलीक्रॉसमधून परत आणलेली गाडी, या तीन वेगळ्या वस्तू आहेत. एकीचा लिलावातला विक्रम दुसरीच्या मोलभावात वापरणारा विक्रेता भेटला की सावध व्हावं. पहिलीत इतिहासाचे पैसे आहेत, दुसरीत अस्पर्शपणाचे, तिसरीत चालवण्याच्या आनंदाचे. रॅलीच्या दिवशी प्रत्यक्ष हाकायची असेल, तर तिसरीच घ्यावी. खर्च कमी आणि मन मोकळं.

ब्रिटनमध्ये, विशेषतः बर्मिंगहॅम-कोव्हेंट्रीच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही गाडी पाहणं सोपं आहे. ब्रिटिश गाड्यांचा मोठा संग्रह असलेलं गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम तिथून जवळ आहे. ऐतिहासिक रॅली-गाड्यांच्या उन्हाळी मेळाव्यांत ६आर४ धावताना ऐकूही येते. लाँगब्रिजचा कारखाना मात्र आता मूळ रूपात उरलेला नाही. ऑस्टिन रोव्हरची वारसदार कंपनी एमजी रोव्हर २००५ च्या एप्रिलमध्ये बंद पडली. त्याआधी मेट्रोच्या जागी छोटी गाडी म्हणून त्यांनी २००३ पासून जी ‘सिटीरोव्हर’ विकली, ती मूळची पुण्याची टाटा इंडिका होती, पिंपरीत बांधलेली. आणि ज्या जॅग्वारच्या एक्सजे२२० मध्ये व्ही६४व्ही चं घराणं पोहोचलं, ती जॅग्वार २००८ पासून टाटांकडे आहे. या गाडीच्या वंशावळीची दोन्ही टोकं महाराष्ट्रात येऊन टेकतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

भारतात आणून ठेवायचा विचार कुणी करत असेल तर वयाचा अडसर आहे. पूर्वी १९५० च्या आधीच्या गाड्याच ‘विंटेज’ म्हणून आयात करता येत. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्राने नियम बदलून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना, वैयक्तिक वापरासाठी, वाट मोकळी केली आणि ही मर्यादा दर वर्षी पुढे सरकते. १९८५ ची ६आर४ त्या हिशेबाने २०३५ नंतर पात्र ठरेल. ज्याला ती घ्यायचीच आहे त्याने आजच ब्रिटनमध्ये घ्यावी, तिथेच कोरड्या, तापमान सांभाळलेल्या जागी ठेवावी, वर्षातून निदान दोनदा तेल गरम होईपर्यंत चालवावी आणि कागदांची फाईल गाडीइतकीच जपावी, कारण २०३५ साली कस्टमच्या टेबलावर आधी तीच उघडली जाईल.